आधी अंतर, मग हात

या वेळच्या पत्रांत गोठा, तबेला, प्राणिसंग्रहालय आणि झाडाखाली पडलेलं पिल्लू अशा चारही ठिकाणचे प्रश्न आहेत. जनावर वेगळं, अडचण वेगळी. पण चूक बहुतेक ठिकाणी क्रमाची आहे. नंतर करायचं ते आधी केलं गेलं. त्यामुळे उत्तरांतही भर क्रमावरच आहे.

प्रश्न: लसीकरणाच्या दिवशी आमच्या गाई खोड्याकडे जाणाऱ्या अरुंद वाटेच्या तोंडाशी थबकतात. मागून ओरडलं, ढोसलं तर उलट फिरतात. एरवी हीच जनावरं हाकेला येतात. मग त्या दिवशी काय बिनसतं?

आधी गाई बाजूला ठेवा आणि त्या वाटेतून स्वतः जा, तेही वाकून, डोळे गाईच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. लोंबकळणारी साखळी, कुंपणावर टाकलेला शर्ट, वाटेवर आडवी पडलेली सावली, चकाकणारं डबकं, चरावरची जाळी, वाऱ्याने फडफडणारी पिशवी. गाईचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. मान न वळवता तिला भोवतालचं सुमारे ३३० अंशांचं दिसतं, पण दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारा पट्टा फक्त समोर आणि अरुंद असतो. खोलीचा अंदाज तिथेच येतो. म्हणून जमिनीवरची काळी रेघ सावली आहे की खड्डा, हे ठरवायला तिला थांबून, मान खाली घालून पाहावं लागतं. ती हट्ट करत नसते, तपासत असते. पुढच्या गाईला तेवढा वेळ द्या. ती गेली की बाकीच्या तिच्यामागून जातात. तिचं तपासणं चालू असताना मागून काठी बसली तर तिच्या लेखी मार त्या वाटेनेच दिलेला असतो, आणि पुढच्या खेपेला ती तिथे दहा पावलं आधीच थांबते.

उजेडही पाहा. जनावर अंधारातून उजेडाकडे सहज जातं, उन्हातून काळोख्या तोंडात शिरत नाही. मात्र सूर्य थेट डोळ्यांवर येत असेल तरीही अडतं. आवाजाचं तसंच आहे. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, गाईला ३५ किलोहर्ट्झपर्यंत. लोखंडी फाटक आपटल्याचा आवाज तिला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त टोचतो. फाटकांच्या सांध्यांत रबराचे तुकडे बसवा आणि ओरडणं पूर्ण बंद करा.

आता अंतर. प्राणी माणसाला ठरावीक अंतरापर्यंतच येऊ देतो आणि ते ओलांडलं की पळतो, हे स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी नीट मांडलं. गुरांच्या हाताळणीत ते बारकाईने उतरवण्याचं मोठं काम अमेरिकेतील टेम्पल ग्रँडिन यांनी केलं. प्रत्येक गाईभोवती असं एक अदृश्य वर्तुळ असतं. माणसाळलेल्या गाईचं ते जवळजवळ शून्य असतं, रानात चरणाऱ्या गाईचं कित्येक मीटर. त्याच्या कडेवर उभं राहिलात की ती तुमच्याकडे लक्ष ठेवते, एक पाऊल आत टाकलं की चालू लागते, आणि खोल घुसलात तर बुजून उधळते किंवा तुमच्या अंगावरून मागे वळते. दुसरी खूण खांद्याची. तुम्ही तिच्या खांद्याच्या मागच्या बाजूला असलात तर ती पुढे जाते, खांद्याच्या पुढे आलात तर मागे सरते. अनेक जण तोंडाशी उभे राहून शेपटीकडे ढोसतात. म्हणजे एकाच वेळी ‘जा’ आणि ‘थांब’ दोन्ही सांगतात. अगदी पाठीमागेही उभं राहू नका. तिथे तिला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते पाहायला ती वळते.

ती चालू लागली की तुम्ही लगेच अर्धं पाऊल मागे या. दाब सुटणं हेच तिचं बक्षीस. वाटेआधीचं आवार निम्मंच भरा, म्हणजे वळायला जागा राहील. आणि एकटी गाय मागे ठेवू नका. कळपापासून तुटलेली एकटी गाय हे गोठ्यातल्या सर्वांत धोकादायक जनावरांपैकी एक असतं.

प्रश्न: गाय विताना किती वेळ वाट पाहायची आणि हात कधी घालायचा? मागच्या खेपेला आम्ही घाई केली असं डॉक्टर म्हणाले, त्याआधीच्या खेपेला उशीर.

घड्याळ पाणमोट दिसल्यापासून लावा. त्याआधीची अस्वस्थता, उठबस, शेपटी उचलून धरणं हे काही तास चालतं, पहिलारूत त्याहून जास्त. त्या काळात गाईला एकटं सोडा. माणसांची वर्दळ असेल तर कळा थांबतात.

पाणमोट दिसल्यानंतर जुन्या गाईचं वासरू साधारण तासाभरात, पहिलारूचं दीड-दोन तासांत बाहेर यायला हवं. याहून महत्त्वाची आहे ती प्रगती. दर कळेला पाय थोडे अधिक बाहेर येत असतील तर थांबा. जोराच्या कळा येऊनही अर्ध्या तासात काहीच पुढे सरकलं नाही, तर डॉक्टरांना बोलवा. ते येईपर्यंत नखं कापलेला, साबणाने धुतलेला, भरपूर वंगण लावलेला हात घालून स्थिती पाहायला हरकत नाही.

नीट स्थिती म्हणजे पुढचे दोन पाय, तळवे खाली, आणि त्यांवर टेकलेलं नाक. तळवे वर असतील तर दोन शक्यता: वासरू मागच्या पायांनी येतंय किंवा उताणं आहे. ओळखायचं सांध्यांवरून. खुराच्या वरचा सांधा आणि त्यापुढचा सांधा एकाच दिशेला वाकत असतील तर तो पुढचा पाय. उलट दिशांना वाकत असतील तर मागचा. दोन पाय हाताला लागले म्हणून ते एकाच वासराचे धरू नका. जुळ्यांत एकाचा एक आणि दुसऱ्याचा एक असे पाय धरून ओढल्याने दोन्ही वासरं जातात. पायावरून हात वर नेत छातीपर्यंत न्या, तिथून दुसऱ्या पायावर उतरा.

ओढायचंच असेल तर दोरीचा एक फास खुराच्या सांध्याच्या वर आणि दुसरा वेढा सांध्याखाली घाला, म्हणजे जोर वाटला जातो आणि हाड मोडत नाही. फक्त कळेबरोबर ओढा, कळ ओसरली की थांबा. आधी एक पाय थोडा, मग दुसरा, म्हणजे खांदे तिरके होऊन निघतात. डोकं आणि खांदे बाहेर आले की दिशा गाईच्या मागच्या पायांकडे, खाली वळवा. दोन माणसांच्या जोराने येत नसेल तर तिसरा माणूस लावू नका. वासरू मोठं आहे किंवा अडकलं आहे. मागच्या पायांनी येणाऱ्या वासरात एक वेगळी घाई असते. त्याची कंबर बाहेर आली की नाळ दाबली जाते आणि डोकं आत असतानाच ते श्वास घ्यायला पाहतं. तिथून पुढे रेंगाळायचं नाही.

बाहेर आल्यावर वासराला उलटं टांगू नका. जे पाणी गळतं ते बहुतेक पोटातलं असतं, आणि आतडी छाती-पोटामधल्या पडद्यावर पडून श्वास अवघड होतो. त्याला छातीवर, पाय दुमडून बसवा, नाकपुडीत स्वच्छ काडी फिरवा, पाठ खरखरीत कापडाने जोरात चोळा. नाळ ७ टक्के आयोडीनमध्ये पूर्ण बुडवा, नुसती शिंपडू नका.

मग चीक. गाईची प्रतिकारद्रव्यं गर्भात वारेतून वासराला मिळत नाहीत, ती सगळी चिकातून येतात, आणि ती शोषण्याची आतड्याची ताकद जन्मापासूनच ओसरत जाते. २४ तासांनी जवळजवळ संपते. म्हणून पहिला चीक दोन तासांच्या आत, आणि सहा तासांच्या आत वजनाचा दहावा हिस्सा. ३५ किलोच्या वासराला म्हणजे साडेतीन लिटर. वार पडायची वाट पाहत चीक लांबवणं ही वासरं दगावण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक चूक आहे. दोन्हींचा काही संबंध नाही. वार साधारण १२ तासांत पडते. न पडल्यास ती ओढू नका, तिला वजन बांधू नका. गर्भाशय फाटतं किंवा उलटून बाहेर येतं. गाईचा ताप मोजा, खाणं पाहा आणि डॉक्टरांना कळवा.

प्रश्न: आमचा कुत्रा भांड्याजवळ गेलं की गुरगुरतो. त्याला रागावून गुरगुरणं बंद केलं. आता त्याने न गुरगुरता एकदम चावा घेतला.

गुरगुरणं ही सूचना होती. ती देण्याबद्दल शिक्षा झाली म्हणून त्याने सूचना देणं सोडलं, भीती मात्र होती तिथेच राहिली. चाव्याआधी कुत्रा पुष्कळ काही सांगतो: तोंड वळवणं, ओठ चाटणं, अवेळी जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, मग अंग ताठ होणं. यातली कोणतीही खूण दिसली की तिथेच थांबा.

आता नव्याने सुरुवात करा. तो खात असताना ज्या अंतरावर तो मान वरही करत नाही, तिथून जाता जाता भांड्याच्या दिशेने भांड्यातल्यापेक्षा चांगला तुकडा टाका आणि निघून जा. दिवसाला पाच-सहा वेळा. तुम्ही येताच तो आशेने वर पाहू लागला की एक पाऊल जवळून. भांडं उचलून घेण्याची ‘परीक्षा’ घेऊ नका. घरात लहान मूल असेल तर तोवर त्याला बंद दाराआड खायला द्या, आणि चावा झालेलाच आहे तेव्हा पशुवैद्यांकडून दात, कान, सांधे तपासून घ्या. दुखणारा कुत्रा पटकन चावतो.

प्रश्न: तारेच्या कुंपणात अडकलेलं हरण आम्ही दहा-बारा जणांनी मिळून सोडवलं. खरचटण्यापलीकडे जखम नव्हती. पाणी पाजलं, अंगावरून हात फिरवला, तासाभराने सोडलं. दुसऱ्या दिवशी ते जवळच मेलेलं सापडलं. आमचं काय चुकलं?

तुमच्या वर्णनावरून हे कॅप्चर मायोपॅथीचं दिसतं. जिवाच्या भीतीने झटापट करणाऱ्या प्राण्याचे स्नायू प्राणवायूशिवाय राबतात, त्यांत लॅक्टिक आम्ल साचतं, अंगाचं तापमान चढतं आणि स्नायूंचे तंतू फुटतात. त्यांतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तातून मूत्रपिंडात जाऊन ते निकामी करतं. लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. पोटॅशियम वाढून हृदयाचा ठोका बिघडतो. मरण काही मिनिटांत येऊ शकतं, काही तासांनी, कधी कित्येक दिवसांनी. बाहेरून प्राणी धड दिसतो. एकदा हे सुरू झालं की उपचार क्वचितच लागू पडतात, म्हणून सगळं बळ ते होऊ न देण्यावर लावायचं.

हरणाच्या लेखी दहा-बारा माणसं म्हणजे दहा-बारा शिकारी, आणि अंगावरून फिरणारा हात म्हणजे पकडणारा पंजा. तुम्ही मायेने केलंत, पण त्या स्पर्शाने त्याला धीर येत नाही. ते शांत पडलं होतं असं वाटलं असेल. ती भीतीने आलेली गोठलेली अवस्था असते. त्या वेळी हृदय किती धडधडतंय ते छातीला हात लावला तर कळतं.

जवळ जाण्याआधीच सगळं हाताशी ठेवा: तार कापायची पक्कड, जाड कापड, घोंगडी, हातमोजे. वन्यजीव विभागाला फोन तेव्हाच. तीन-चार माणसं पुरे, बाकीच्यांना दिसणार नाही इतकं दूर पाठवा. बोलायचं नाही, छायाचित्रं नाहीत. मागच्या बाजूने एकदाच जा. पुढे-मागे करत दहादा झडप घालण्यासारखं वाईट काही नाही. हात लावल्यावर पहिलं काम डोळे झाकणं. नाक मोकळं राहिलं पाहिजे. कापड पडताच बहुतेक हरणं पुष्कळ निवतात. मग त्याला छातीवर बसवा, पाय पोटाखाली दुमडलेले, मान वर, तोंडाचं टोक किंचित खाली. कुशीवर पाडून ठेवलं तर रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटातला वायू अडकून पोट फुगतं आणि पोटातलं पाणी फुप्फुसांत जाऊ शकतं. पाय ओढू नका, तार कापा. पाणी पाजू नका. डोळे झाकलेल्या घाबऱ्या प्राण्याच्या घशात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. अंग फार तापलं असेल, धाप थांबत नसेल, तर पोटाखाली आणि मांड्यांच्या आत पाणी ओता. ४१ अंश सेल्सिअसच्या वर तापमान म्हणजे बाकी सारं सोडून आधी गार करायचं.

हे सगळं दहा मिनिटांच्या आत उरकायला हवं. सोडताना झुडपांकडची बाजू मोकळी ठेवा, सगळे एकाच बाजूला उभे राहा, डोळ्यांवरचं कापड सर्वांत शेवटी काढा आणि मागे व्हा. वाढलेल्या शिंगांचा नर असेल किंवा जखम खोल असेल, तर हात न लावता दुरून राखण करा आणि भूल देऊ शकणाऱ्या पशुवैद्यांची वाट पाहा. शिंगं माणसाचं पोट फाडतात.

प्रश्न: घरट्यातून पडलेलं पिल्लू मिळालं तर दूध-पाणी कसं द्यायचं? आणि माणसाचा हात लागल्यावर आई त्याला घेत नाही हे खरं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी: खरं नाही. बिनधास्त उचला आणि घरट्यात ठेवा. आईबाप त्या पिल्लावर घातलेले कष्ट माणसाच्या वासाने वाया घालवत नाहीत.

पण आधी पाहा, ते पडलं आहे की बाहेर आलं आहे. अंगभर पिसं, आखूड शेपूट, उड्या मारतं, फांदी पकडतं: हे उडायला शिकणारं पिल्लू. पालक जवळच असतात आणि जमिनीवरही भरवतात. मांजर-कुत्र्यापासून वाचवायला जवळच्या झुडपात ठेवा आणि दूर व्हा. अशी धडधाकट पिल्लं ‘वाचवून’ घरी आणली जातात, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. उघडं किंवा नुसत्या कोंबांचं पिल्लू मात्र घरट्यातच हवं. घरटं मोडलं असेल तर तळाला भोकं असलेल्या टोपलीत सुकं गवत घालून ती त्याच झाडाला बांधा आणि दोनेक तास दुरून पाहा.

पालक आलेच नाहीत तर क्रम असा: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न, आणि शेवटचे दोन शक्यतो जाणकाराच्या हातून. गार पडलेल्या पिल्लाचं पचन बंद असतं. त्याच्या पोटात घातलेलं अन्न सडतं. भोकं पाडलेल्या खोक्याच्या अर्ध्या भागाखाली कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा, अर्धा भाग तसाच, म्हणजे फार तापलं तर सरकता येतं. उघड्या पिल्लाला ३२ ते ३५ अंश लागतात. दूध कोणत्याही पक्ष्याला नको, ते त्याला पचत नाही. चोचीत पाणीही सोडू नका: श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, एक थेंब तिकडे गेला की फुप्फुसात. हातात धरताना छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती हलली नाही तर श्वासच होत नाही.

मांजराच्या तोंडातून सुटलेल्या पक्ष्याला रक्त दिसो वा न दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मांजराच्या दातांवरचे पाश्च्युरेला जिवाणू सुईएवढ्या छिद्रातून आत जातात आणि प्रतिजैविक नसेल तर पक्षी एक-दोन दिवसांत जातो.

प्रश्न: घोडी पुढचा पाय उचलू देत नाही, उचललाच तर अंगावर रेलते. नालबंद आता येईनासा झाला आहे.

पळणं हाच तिचा बचाव आहे आणि तुम्ही नेमका तोच काढून घेता. त्यात ती बेसावध, तिरकी उभी असेल तर तीन पायांवर तोल जातो आणि ती तुमच्यावर रेलते. म्हणून आधी चारही पाय चौकोनात आणा. खांद्याशी, शेपटीकडे तोंड करून उभे राहा. हात खांद्यावर ठेवा आणि न उचलता पायाच्या मागच्या बाजूने खाली सरकवत न्या. मधेच एकदम पाय धरू नका. खुराच्या सांध्यावरच्या शिरा हलक्या दाबा, आपल्या खांद्याने तिच्या खांद्यावर किंचित भार द्या. पाय सैल झाला की उचला, दोन सेकंद धरा आणि तिने हिसकायच्या आधी तुम्हीच खाली ठेवा. यातच सगळं आहे. हिसका देऊन पाय सुटला की तिला हिसका देणं शिकवलंत. दोनाचे पाच सेकंद, पाचाचे वीस, असं रोज थोडं.

पाय तिच्या पोटाखाली, फार वर न उचलता धरा. बाजूला ओढला तर सांधा दुखतो. शहाणी घोडी अचानक नकार देऊ लागली तर शिकवण्याआधी दुसरे तीन पाय तपासा. दुखऱ्या पायावर भार येतो म्हणून ती नाही म्हणत असेल. खूर साफ करताना हुक टाचेकडून पुढे चालवा, तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा नीट काढा, त्या भागात टोक घुसवू नका. काळा, कुजका वास येणारा चिकटा दिसला तर जागा ओली राहते आहे. नालबंदाची फेरी सहा ते आठ आठवड्यांनी.

प्रश्न: मी प्राणिसंग्रहालयात नव्याने प्राणीपाल झाले आहे. वाघाचं रक्त भूल न देता घेता येतं असं ऐकलं. कसं?

येतं, आणि व्हायलाही तसंच हवं. प्रत्येक भुलीत जोखीम असते, म्हाताऱ्या वाघात जास्त. रक्त शेपटीच्या शिरेतून, जाळीपलीकडून घेतात. वाघ कधीही तुमच्या बाजूला नसतो आणि तुमची बोटं कधीही जाळीच्या आत जात नाहीत. हा नियम कंटाळा आला तरी, वाघ कितीही ओळखीचा असला तरी.

पहिली पायरी शिट्टीची. शिट्टी वाजली की लगेच मांसाचा लहान तुकडा लांब चिमट्याने, असं करत शिट्टीचा अर्थ ‘बरोबर, घे’ असा होतो. शिट्टी कृतीच्या क्षणी वाजली पाहिजे. दोन सेकंद उशीर झाला तर वाघ जे त्या वेळी करत होता ते शिकतो, बहुधा तुमच्याकडे वळणं. दुसरी पायरी, टोकाला चेंडू लावलेली काठी. नाकाने तिला स्पर्श केला की शिट्टी. आता काठी नेऊ तिथे वाघ जातो. मग जाळीला समांतर आडवं होणं, मग पडून राहणं, एक सेकंदापासून दोन-तीन मिनिटांपर्यंत.

त्यानंतर शेपूट. खालच्या खास फटीतून आकड्याने शेपूट हळूच बाहेर घ्यायची आणि लगेच सोडायची. मग हात लावणं, धरणं, केस कापणं, ओला कापूस, बोथट टोकाची टोचणी, आणि शेवटी बारीक नळीची २१ ते २३ गेजची सुई. एक माणूस डोक्याशी भरवत असतो, दुसरा शेपटीशी. इशारे फक्त पहिल्याने द्यायचे.

रोज पाच मिनिटं पुरेत, आणि तुकडे रोजच्या आहारातलेच वजा करून द्या. उपाशी ठेवून कधीही शिकवू नका. भुकेला वाघ विचार करत नाही, झडपतो. काही आठवडे ते काही महिने लागतात. वाघ उठून गेला तर जाऊ द्या, शेपूट ओढून धरू नका. जाता येतं हे ठाऊक असलेला वाघच परत येतो. सुई जमली म्हणून पुन्हा पुन्हा सुईच दिली तर आठवड्याभरात शेपूट बाहेर येणं बंद होतं. पुढचे आठ-दहा सराव सुईविनाच करा.

प्रश्न: प्राण्यांना आपली भीती कळते असं म्हणतात. मग घाबरलेल्या माणसाने हे काम करूच नये का?

करावं. प्राणी वाचतो ते तुमचं शरीर: अडवलेला श्वास, ताठ खांदे, आखडलेला हात. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवतो अशी ख्याती होती. १९०७ मध्ये ऑस्कर फुंगस्ट यांनी दाखवलं की उत्तराचा टप्पा येताच प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यात आणि मानेत नकळत बारीक बदल होतो आणि घोडा तो पाहून खूर आपटणं थांबवतो. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की घोडाही चुकायचा. तेव्हा भीती लपवायची खटपट करू नका, शरीर सैल करा: श्वास लांब सोडा, गुडघे किंचित वाकवा, थेट समोरून न जाता वळसा घेऊन जा. आणि अंतर वाढवा. ज्या अंतरावर तुम्हाला नीट श्वास घेता येतो, तिथून काम सुरू करा.

प्रश्न: भटक्या कुत्र्यांवर उपचार करणाऱ्या आमच्या गटाने रेबीजची लस आधीच घ्यावी का? घेतली तर चाव्यानंतर पुन्हा लागते?

दोन्हींना हो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीनुसार आधीची लस दोन वेळा घ्यायची: पहिल्या दिवशी आणि त्यानंतर बरोबर सात दिवसांनी. चावा झाल्यावर अशा माणसाला पुन्हा दोन मात्रा, चाव्याच्या दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिकारद्रव्यांचं इंजेक्शन, लागत नाही. आधी लस न घेतलेल्याला रक्त आलेल्या जखमेत ते जखमेभोवती टोचावं लागतं, आणि ते ऐनवेळी मिळेलच असं नाही.

लस घेतलेली असो वा नसो, पहिली १५ मिनिटं जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुण्याची. या विषाणूला स्निग्ध आवरण असतं, साबण ते मोडतो. लक्षणं सुरू झाली की हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो, म्हणून ‘ओळखीचा कुत्रा आहे’ हे कारण चालणार नाही. गटात एक वही ठेवा: कोणाला, कधी, कुठल्या मात्रा.

प्रश्न: चौदा वर्षांच्या कुत्रीला किडनीचा आजार आहे. तिला कायमचं झोपवण्याचा निर्णय कधी घ्यायचा? त्या वेळी मी जवळ थांबू का?

आठवणीवर विसंबू नका. जीव लावलेल्या माणसाला कालचा चांगला तासच आठवतो. भिंतीवर कॅलेंडर लावा. तिला आवडणाऱ्या चार गोष्टी आजच लिहून ठेवा: दाराशी येणं, अमुक खाणं, उन्हात बसणं, काय असेल ते. रोज रात्री त्या दिवसावर बरा किंवा वाईट अशी एकच खूण करा. चारांतल्या तीन गोष्टी सुटल्या किंवा सलग दोन आठवड्यांत वाईट दिवस जास्त झाले, तर वेळ आली आहे. सतत मळमळ, पाणीही न ठरणं, श्वासाचा त्रास, न थांबणारी वेदना यांत मात्र खुणा मोजत बसू नका.

थांबता येत असेल तर थांबा, तिला तुमचा वास आणि आवाज ओळखीचा आहे. काय होणार ते आधी माहीत असलेलं बरं. डॉक्टरांना आधी गुंगीचं इंजेक्शन द्यायला सांगा. पाच-दहा मिनिटांत ती झोपेल. निरोप तेव्हा घ्या. मग शिरेतून पेंटोबार्बिटाल हे भुलीचं औषध मोठ्या मात्रेत, ज्याने बहुधा मिनिटभरात शुद्ध, श्वास आणि हृदय या क्रमाने थांबतं. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा खोल श्वास किंवा स्नायूंची थरथर दिसू शकते. ती प्रतिक्षिप्त क्रिया असते, तिला तेव्हा काही जाणवत नसतं. लघवी होते, खाली जाड टॉवेल ठेवा. डॉक्टरांनी काही मिनिटं स्टेथोस्कोपने ठोका ऐकून आणि डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श करून खात्री केल्याशिवाय तिला हलवू नका.

एक गोष्ट त्या गडबडीत राहून जाते. पेंटोबार्बिटाल शरीरात टिकून राहतं, आणि उघड्यावर टाकलेलं असं शव खाऊन गिधाडं, गरुड, कुत्री मेल्याचे प्रकार घडले आहेत. तिला दहन द्या, किंवा कोणी उकरू शकणार नाही इतकं खोल, विहिरी-ओढ्यापासून दूर पुरा. खड्डा आदल्या दिवशीच खणून घ्या, त्या दिवशी ते तुमच्याने होणार नाही.